डोमाजी मिस्त्री आणि बर्फाचं पातं

डोमाजी मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "नक्की का? कोणी पाहिलं?" फोनवर त्याची मुलगी होती, वरठीहून. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "काका, बाबाच बोलल्यासारखं वाटलं." मला माझीच लाज वाटली. पण तीस वर्षं ज्याच्या शेजारी दुकान चालवलं, त्याची एखादी खोड आपल्याला लागणारच. मला लागली ती नेमकी ही.

लाखनीला हायवेला लागून माझं नट-बोल्ट, पाईप, पट्ट्या आणि वेल्डिंगच्या काड्यांचं दुकान आहे. बाजूला टिनाची शेड, ती डोमाजीची. शेडवर पाटी नव्हती. पाटी लावली की कोणीही येते, असं त्याचं म्हणणं. कोणीही आलेलं त्याला चालत नसे. आलेल्या माणसाला तो आधी खालून वर पाहायचा, मग त्याच्या ट्रॅक्टरला पाहायचा, आणि दोघांपैकी ट्रॅक्टरवर जरा जास्त विश्वास ठेवायचा.

त्याच्या खिशात कायम एक जुना नट असे. बोल्ट घ्यायला आला की प्रत्येक बोल्टवर तो नट फिरवून बघायचा. वीस बोल्ट घेतले तर वीस वेळा. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. मी वैतागून म्हणायचो, "अरे बाबा, एकाच डब्यातले आहेत सगळे."

"डबा एक आहे गा दुकानदार. पण भरणारे हात त दोन होते ना?"

यावर काय बोलावं ते मला आजवर सुचलेलं नाही. तीस वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नाही, मी त्याच्यासाठी 'दुकानदार'च राहिलो. पुढे पुढे मलाच संशय येऊ लागला की नट झिजलेला असेल आणि हा उगाच माझे चांगले बोल्ट बाजूला काढत असेल. एकदा तो हात धुवायला गेला असताना मी नट उचलला आणि माझ्या हातातल्या चांगल्या बोल्टवर फिरवून पाहिला. नट अगदी बरोबर बसला. वर पाहतो तर डोमाजी ओल्या हातांनी समोर उभा. मला वाटलं, आता भांडण होणार. तर त्याचं तोंड आनंदानं फुललं. "आता कसा लाईनवर आला!" म्हणाला. त्या दिवशी त्यानं मला स्वतःच्या बाटलीतला चहा दिला. चहाही तो घरूनच आणायचा, टपरीवरच्या दुधाबद्दल त्याचं वेगळं मत होतं.

शेडला दोन कुलपं असत. संध्याकाळी तो कुलपं लावायचा, ओढून पाहायचा, रस्ता ओलांडायचा, परत यायचा, पुन्हा ओढायचा. ओढून ओढून कोयंडाच सैल झाला. मग एक दिवस माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणतो, "दुकानदार, कोणीतरी रोज येऊन कोयंडा हालवून राहिला." कोण हालवून राहिला ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ते त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

तरुणपणी तो चिखला या खाणीच्या गावी होता, खनिजाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये. तिथले खाणीतले लोक खाली उतरल्यावर आधी लोखंडी सळीनं डोक्यावरचं छत ठोकतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज भरीव आला तर काम सुरू करायचं, पोकळ आला तर मागे सरायचं. डोमाजीनं ही रीत उचलली आणि जन्मभर वापरली. तो सगळंच ठोकायचा. माझं काउंटर, टरबूज, भिंती, नवी मोटरसायकल. मुलीसाठी वरठीला स्थळ पाहायला गेला तेव्हा मी सोबत होतो. त्यानं आधी अंगणातला खांब ठोकला, मग चौकट, मग पाण्याची टाकी. मुलाच्या वडिलांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "मिस्त्री, घर पाहाले आले का पोरगा?"

"पोरगा ठोकून पाहता येत नाही ना," डोमाजी म्हणाला.

सगळ्यात आधी हसला तो पोरगाच. डोमाजीनं तिथंच होकार दिला. येताना मला सांगितलं, "आवाज भरीव आहे त्याचा."

पण डोमाजीची खरी ओळख म्हणजे त्याचं सूत. तो मूळचा मोहाडीकडचा, कोष्ट्याच्या घरचा. बाप हातमागावर लुगडी विणायचा. व्यापारी प्रत्येक लुगडं आपल्या गजानं मोजायचा आणि म्हणायचा, दोन बोटं कमी आहे. बाप घरी येऊन स्वतःवर चिडायचा. पुढच्या खेपेला जास्त विणायचा, तरी दोन बोटं कमीच. माग बंद पडला, बाप अंथरुणाला खिळला, त्यानंतर एकदा डोमाजीच्या हाती तो गज लागला. गजच दोन बोटं लांब होता. "माह्या बापानं वीस वर्षं आपल्याच हाताले शिव्या देल्ल्या," हे सांगताना एरवी कोरडा असणारा त्याचा आवाज ओला व्हायचा. मला ती गोष्ट त्यानं एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर मी कोणाला सांगणार तर नाही ना, असं दोनदा विचारलं.

तेव्हापासून टेप त्याला वर्ज्य. त्याच्याकडे स्वतःचं सूत होतं. भाताच्या पेजेची खळ दिलेला, वर मेण घासलेला कडक काळा धागा, ठरावीक अंतरावर गाठी. त्याचं एक टोक तो कधी कोणाच्या हातात देत नसे. खिळा ठोकायचा, टोक खिळ्याला बांधायचं, आणि मग दुसरं टोक घेऊन चालायचं. मी कितीदा म्हटलं असेल, "मी धरतो ना." तो म्हणायचा, "दुसऱ्याचा हात हालते. हात नाही हालला, त मन हालते." त्याच्या शेडच्या खांबांना मुंगीला चढायला जागा राहिली नव्हती इतके खिळे होते.

आता बर्फाच्या पात्याकडे येतो.

तलावापलीकडच्या टोलीत, त्या लहानशा वस्तीत, वच्छलाबाई राहते. धानाची शेती आहे. नवरा वारल्यापासून स्वतःच छोटा ट्रॅक्टर चालवते, धानाच्या लहान बांधीत, म्हणजे खाचरातही वळणारा. टोलीतून डांबरी रस्त्याला यायला एकच पांदण, शेतांमधली कच्ची वाट. पावसाळ्यात तलावाचा सांडवा वाहू लागला की पांदणीवर गुडघाभर गाळ येऊन बसतो. गाळ काढायला मशीन येते, पण तिच्या मर्जीनं, कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा. दोन वर्षांपूर्वी तिची सून रंजना बाळंतपणाला अडली तेव्हा पांदण बंद होती. चौघांनी खाटेवर घालून तिला गाळातून रस्त्यापर्यंत आणलं. रंजना वाचली. बाळ वाचलं नाही.

यंदा रंजनाचे दिवस पुन्हा भरणार होते, पोळ्याच्या सुमाराला. वच्छलाबाईनं उन्हाळ्यातच ठरवलं की मशीनची वाट पाहायची नाही. एका भंगारवाल्याकडे तिला एक पिवळं, नऊ फुटी, वळलेलं लोखंडी पातं दिसलं आणि ते ती ट्रॉलीत घालून डोमाजीच्या दारात घेऊन आली.

"मिस्त्री, हे माह्या ट्रॅक्टरच्या तोंडाले लावून द्या. गाळ ढकलाचा आहे."

डोमाजीनं पातं ठोकलं. चारी बाजूंनी ठोकलं. मग विचारलं, "हे कायचं आहे?"

"भंगारवाला म्हणते, बर्फ ढकलाचं. पहाडात ट्रकले लावतात."

"बर्फ कोणी ढकलते काय? बर्फ त वितळते." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चोरीचा माल असन."

ते पातं शेडबाहेर आठ दिवस पडून होतं. येणारा जाणारा आपापला अंदाज सांगून जायचा. कोणी म्हणे मिलिटरीचं, कोणी म्हणे विमानाचा तुकडा. शेवटी ढाब्यावर थांबलेला एक हिमाचलचा ट्रक ड्रायव्हर ते पाहून थबकला आणि हसायला लागला. "अरे, ये इधर कैसे पहुँचा? हम तो इसी के पीछे-पीछे चलते हैं ठंड में." डोमाजीनं त्याला बसवून घेतला आणि तासभर उलटतपासणी केली. ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. त्यानं पात्यामागच्या दोन जाड स्प्रिंगांवर हात ठेवून सांगितलं, "मिस्त्रीजी, जान इसी में है. पत्थर लगा तो ब्लेड आगे झुक जाता है, फिर खड़ा हो जाता है. नहीं तो गाड़ी वहीं खत्म." आणि तो निघून गेला.

"भंगारवाल्याचा मानूस दिसते," डोमाजी म्हणाला.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं, हे मी शपथेवर सांगेन. नऊ फुटांचं पातं लहान ट्रॅक्टरला जड, म्हणून दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट कापून सहा फुटांचं केलं. कापण्याआधी सूत तीन दिवस त्यावर फिरत होतं. पात्याला उचलणारी मोटर ट्रकच्या चोवीस व्होल्टची, ट्रॅक्टरची बॅटरी बाराची. मोटर काढून टाकली आणि ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालणारा जॅक बसवला. लहान ट्रॅक्टरचा पुढचा आस नाजूक असतो, सगळा धक्का त्याच्यावर गेला तर मोडतो. म्हणून त्यानं पोटाखालून थेट मागच्या आसापर्यंत चॅनलची चौकट नेली. मागे वजन हवं म्हणून दगड भरलेली पेटी टांगली. भंडारा जिल्ह्यात बर्फाचं पातं ट्रॅक्टरला लावणारा तो पहिलाच असावा. हे मी त्याला म्हटलं तर त्यानं "कोणी सांगतलं?" असं विचारलं.

राहिल्या स्प्रिंगा. एक दिवस तो माझ्याकडून दोन जाड पट्ट्या घेऊन गेला आणि पात्यापासून चौकटीपर्यंत आडव्या मारून त्यानं स्प्रिंगा जाम करून टाकल्या. पातं आता हलेना. वच्छलाबाईनं विचारलं, "स्प्रिंगा कायले बंद केल्या?"

"बाई, बर्फ नरम. चिखल जड. चिखलासमोर जे पातं मान वाकवते ते कायच्या कामाचं? तो डायवर आपल्याले बनवून गेला."

मला ते पटलं नव्हतं. ड्रायव्हर खरं बोलतोय असं मला त्याच्या डोळ्यांकडे पाहूनच वाटलं होतं. पण मी गप्प राहिलो. बोललो असतो तर तासभर माझी उलटतपासणी झाली असती, तुला कसं ठाऊक, कोणी सांगितलं, त्याचं तुझं काय नातं. संशयी माणसाला खरं सांगायला कोणी जात नाही, हा त्याच्या संशयाचा दंड. पण त्या वेळी मीही भित्राच ठरलो, आणि पट्ट्या माझ्याच दुकानातल्या होत्या.

आषाढात सांडवा पहिल्यांदा वाहिला आणि पांदणीवर गाळ आला. पातं लावून पाहायचा दिवस ठरला. सगळी टोली जमली. डोमाजी म्हणाला, पहिल्या खेपेला मी बसतो. वच्छलाबाई म्हणाली, "ट्रॅक्टर माहा आहे." ती बसली. पातं खाली आलं, गाळ बाजूला पडू लागला, पोरं ओरडायला लागली. पन्नास पावलं छान गेली. मग गाळाखाली मोहाच्या झाडाचा जुना खुंट होता, कोणाच्या ध्यानातही नसलेला. पातं त्यावर आदळलं. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, मागची चाकं उचलली गेली आणि वच्छलाबाई स्टिअरिंगवर आपटली. डावं मनगट मोडलं, ओठ फाटला. पुढची चौकट वाकडी झाली.

तिला दवाखान्यात पाठवल्यावर डोमाजी गाळात उकिडवा बसला. त्यानं चौकटीचे सगळे बोल्ट काढले, माझ्याच दुकानातले, आणि खिशातून तो नट काढला. खोटं कशाला सांगू, मी मनात भांडणाची तयारी करत होतो. त्यानं एकेक बोल्ट नटात फिरवला, एकेक बाजूला ठेवला. मग जोड ठोकले. मग चॅनल ठोकलं. सगळीकडून भरीव आवाज आला. लोखंड निर्दोष सुटलं. मग त्यानं त्या दोन पट्ट्यांवरून हात फिरवला. शेवटी उठला आणि टोलीतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तो डायवर खरा होता. हे माह्यानं झालं."

तीस वर्षांत त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "मिस्त्री, मलाही वाटलं होतं, पण मी बोललो नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काहून नाही बोलला?" मी खाली पडलेले बोल्ट गोळा करू लागलो. त्याला ते कळलं असावं, कारण त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वच्छलाबाईच्या अंगणात गेला आणि वाकून तिच्या पायांना हात लावायला लागला. ती म्हणाली, "पाय कायले धरता मिस्त्री, पातं धरा. पोळा समोर आहे."

पातं तिच्या अंगणातच पुन्हा उभं राहिलं. पट्ट्या कापल्या, स्प्रिंगा मोकळ्या केल्या, चौकट सरळ केली. पात्याची दोन्ही टोकं चौकटीच्या मधापासून सारख्या अंतरावर यायला हवी होती, त्यासाठी माप हवं. अंगण पावसानं भिजलेलं, खिळा कुठेच धरेना. ठोकला की हलायचा. डोमाजी हातात सूत घेऊन गोल गोल फिरू लागला. ओसरीवर बसलेली वच्छलाबाई उठली आणि तिनं प्लास्टर घातलेला हात पुढे केला.

"द्या एक टोक इकडे."

"हात हालते बाई."

"प्लास्टरात आहे. हालन कुठून?"

मी हसलो. डोमाजी हसला नाही. त्यानं तिच्या बोटांना सुताचं टोक गुंडाळलं आणि दुसरं टोक घेऊन चालू लागला. तीनदा मोजलं. तीनही वेळा तेच आलं. चौथ्यांदा त्यानं मोजलं नाही.

त्यानंतर मी त्याला शेडमध्ये फारसा पाहिला नाही. सांडवा वाहायचा त्या दिवशी सकाळी सकाळी तो मोपेडवर टोलीत हजर. पात्याच्या जोडाच्या पिना ओढून पाहायचा, स्प्रिंगा ठोकायचा, वच्छलाबाईच्या सुनेकडे न बघता विचारायचा, "बरं आहे ना?" पोळ्याच्या तीन दिवस आधी सकाळी रंजनाला कळा सुरू झाल्या. रात्रभर पाऊस पडला होता, पांदण गाळानं भरली होती. वच्छलाबाईचा हात अजून प्लास्टरात. ट्रॅक्टरवर डोमाजी बसला. मागे टोलीतल्याच एका ऑटोत सासू-सून.

मी तिथं नव्हतो. हे मला त्या ऑटोवाल्यानं सांगितलं. म्हणाला, पांदणीच्या वळणावर पात्याला कुठला तरी दगड लागला. मोठा आवाज झाला. रंजनानं डोळे मिटले. पण पातं पुढे वाकलं, दगडावरून गेलं आणि पुन्हा उभं राहिलं, ट्रॅक्टर थांबलाही नाही. डांबरी रस्ता आला तसा मिस्त्रीनं ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि ऑटो पुढे निघून गेला. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं तर मिस्त्री खाली उतरून पुन्हा पिना ओढून पाहत होता.

दुपारी वच्छलाबाईचा फोन माझ्या दुकानात आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी धावत शेडमध्ये जाऊन सांगितलं. डोमाजी म्हणाला, "कोणी पाह्यली?"

बारशाला आम्ही दोघं गेलो. बाळाच्या कमरेचा करदोडा मिस्त्रीनंच आणावा, असा वच्छलाबाईचा निरोप होता. डोमाजी धुतलेला शर्ट घालून आला होता. त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आतून काळा, मऊ धागा. मी हातात घेऊन पाहिला. गाठींचे पीळ सोडले होते, पण जागा अजून कळत होत्या.

"मिस्त्री, हे तर तुमचं सूत!"

"खळ धुऊन टाकली. पोरीले टोचली असती."

"मग आता माप कशानं घेणार?"

"पाहू," म्हणाला.

त्यानंतर दोन दिवसांनी तो मुलीकडे वरठीला गेला, चार दिवस राहून येतो म्हणाला, आणि तिथूनच तो फोन आला. शेड उघडली तेव्हा मी मुद्दाम शोधलं. नवीन सूत त्यानं बनवलं नव्हतं.

म्हणून मला डोमाजी आठवतो तो बारशाचा. रंजनाच्या मांडीवर ती इवलीशी पोर. धाग्याचं एक टोक त्यानं स्वतःहून वच्छलाबाईच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. मिस्त्रीच्या सुताला ढिलेपणा चालत नाही हे माहीत असल्यानं तिनं धागा चांगला ओढून धरला.

"कसू नको बाई," डोमाजी म्हणाला. "दोन बोटं सोड. पोर वाढते."

त्यानं वेल्डिंगनं भाजलेली आपली दोन बोटं धाग्याच्या आत घातली. वच्छलाबाईनं त्या बोटांवरून गाठ मारली. मग त्यानं ती हळूच बाहेर काढली.